खालच्या वाडीचा होकार

दशरथ घाडीच्या टेबलावर कधीच काही नसायचं. दोन पडदे, एक कीबोर्ड, आणि बायकोने नेलपॉलिशने 'घाडी' असं लिहून दिलेली स्टीलची बाटली. पवईतल्या त्या कंपनीच्या सातव्या मजल्यावर बाकीच्यांच्या टेबलांवर मुलांचे फोटो, कुंडीतली रोपं, छोटे गणपती असं काहीबाही असायचं. कोणी विचारलं तर दशरथ म्हणायचा, "माझा पसारा खाडीपलीकडे आहे."

ते खरंच होतं. खाडीपलीकडच्या एका इमारतीत, जिथे मे महिन्यातही स्वेटर घालून शिरावं लागतं, तिथे त्याचे चार सर्व्हर उभे होते. बारा वर्षांत तो त्यांना प्रत्यक्ष दोनदाच भेटला होता. एरवी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून सकाळी निघायचं, सातव्या मजल्यावर येऊन बसायचं आणि ज्यांना हात लावता येत नाही त्यांची काळजी करायची, हे त्याचं काम.

वय बावन्न. अंगाने काडी. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमानंतरची पहिली आठ वर्षं घाटकोपर ते मुलुंड झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करत फिरण्यात गेली. तेव्हाची काळी भुकटी नखांतून गेली, पण हात सारखे पुसायची सवय राहिली. मग कॉम्प्युटर, मग सर्व्हर. हे सगळं तो कोणाकडे न शिकता शिकला होता, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत तो कोणावर विश्वास ठेवायचा नाही. दहा वेळा तपासायचा. माणसांच्या बाबतीत मात्र एकदाच तपासायचा आणि मग आयुष्यभर विचारायचा नाही.

सर्व्हरांना कागदोपत्री लांबलचक नावं होती, अक्षरं आणि आकड्यांची. ती कोणाच्या लक्षात राहायची नाहीत. दशरथने पहिल्याच वर्षी त्यांना आपल्या देवगडकडच्या गावातल्या वाड्यांची नावं दिली. देऊळवाडी, गावठण, बंदरवाडी आणि खालची वाडी. हळूहळू सगळा मजला तसंच बोलायला लागला. ज्यांनी कोकण नकाशातही पाहिलं नव्हतं असे लोक "बंदरवाडी आज स्लो आहे ना यार" असं म्हणायचे, आणि दशरथला उगीच घरच्या माणसाची चौकशी झाल्यासारखं वाटायचं.

या चार वाड्या मिळून एका क्लायंटची एकच वेबसाइट चालवत. वधूवरांची. लाखभर स्थळं होती तिच्यावर. रविवारी दुपारची जेवणं झाली की बोरिवलीपासून बेळगावपर्यंतची आईबापं चष्मे लावून बसत आणि फोटो सरकवत. तुळशीची लग्नं लागली की गर्दी दुप्पट व्हायची. एका मशीनला ती पेलत नाही म्हणून चार, आणि चौघांच्या पुढे वाटणी करणारा एक लोड बॅलन्सर. येणाऱ्याला तो पाळीपाळीने एकेका दारात नेऊन सोडणार. एकदा ज्या दारात सोडलं त्याला दिवसभर त्याच दारात. येणाऱ्याला वाटतं, घराला दार एकच आहे.

टीममध्ये नवीन आलेल्या तेजलने एकदा विचारलं होतं, "सर, पण हे सर्टिफिकेट नेमकं करतं काय?"

"तुला स्थळ आलं तर काय करतेस?"

"पळून जाते."

"बरं. तुझे आईबाबा काय करतात?"

"चौकशी."

"कोणाकडे? मुलालाच विचारतात का, की बाबा तू चांगला आहेस का?"

"नाही हो. दोन्ही घरांना ओळखणारं कोणीतरी शोधतात."

"तेच हे. तिसऱ्याने लिहून दिलेला कागद. हा जो म्हणतोय तोच आहे, मी याला ओळखतो. तो कागद बघितला की तुझा फोन आत जायला तयार होतो. पण कागदाला मुदत असते. पूर्वी तीन वर्षं चालायचा, मग दोन, मग एक, आता त्याहूनही कमी. मुदत संपली की ओळखही संपली."

"आणि सर्व्हर चार असले तर?"

"आपल्याकडे चारही दारांवर कागद वेगळा लावावा लागतो. तीन दारांवर नवा लावला आणि एकावर जुना राहिला, तर त्या दारात येणारा काय म्हणणार? घर खोटं आहे."

दशरथच्या वडिलांचं नाव राजाराम. परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संप बुडाल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढपी झाले. शहरात ते कोणीच नव्हते. पण गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा, आणि त्यासाठी ते वर्षातून दोनदा जात. काळोख्या गाभाऱ्यासमोर हा अंगाने काडी असलेला माणूस उभा राहायचा आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचा. दर वाक्याला गाव म्हणायचं, व्हय म्हाराजा. गाऱ्हाण्याचा नियम एकच. एकही जागा सुटता कामा नये. शिवेवरचा, पाणवठ्यावरचा, वाडीवाडीचा, सगळ्यांचं नाव घ्यायचं. जो सुटला तो रुसला. लहानपणी दशरथला कोपऱ्यात उभं करून वडील ती नावं पाठ करून घ्यायचे, सुटलं की पहिल्यापासून.

ऑफिसात हे कसं आलं ते कोणाला नीट आठवत नाही. एका वर्षी नवीन सर्टिफिकेट लावून झाल्यावर अनंत म्हणाला, "दशा, घाल की एक गाऱ्हाणा." दशरथने हसत घातलं. पुढच्या वेळी पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यात त्याने नियम आणला. वाडीचं नाव घेतलं की सगळ्यांनी ओरडायचं नाही. ज्याने त्या वाडीचा कागद आपल्या डोळ्यांनी बघितला त्या एकानेच व्हय म्हणायचं. न बघता कोणी म्हणायचं नाही. कंपनीचा तपासणीचा एक फॉर्म होता, तो लोक जेवणानंतर न वाचता भरायचे. गाऱ्हाण्यात मात्र सगळे समोरासमोर उभे असायचे आणि खोटं बोलायला तोंड उघडावं लागायचं. दशरथला वाटायचं, यापेक्षा पक्की तपासणी नाही. नऊ वर्षं एकदाही चूक झाली नव्हती.

अनंत वायंगणकर त्याच्याच वयाचा, राहायला कांजूरमार्गला. दोघांची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर. चौदा वर्षांपूर्वी अनंतची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा दशरथने त्याचा अर्ज स्वतः नेऊन दिला, आणि मुलाखतीच्या दिवशी रजा टाकून बाहेर बाकावर बसून राहिला. तेव्हापासून दोघांचा डबा एकत्र. "अन्या" आणि "दशा". बुधवारी अनंतच्या डब्यातली सुरमई दशरथची, शुक्रवारी दशरथच्या डब्यातली काळ्या वाटाण्याची आमटी अनंतची, यात कधी बदल झाला नाही.

त्या दिवाळीनंतर मॅनेजर जान्हवी देवधरने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. दोन टीम एक होणार होत्या. जानेवारीपासून प्रमुख एकच. दुसऱ्याला तिसऱ्या मजल्यावर फोन उचलणाऱ्या विभागात जावं लागेल, पाळीच्या ड्युटीवर. "महिनाभरात ठरेल," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमी गालिच्यावरून चालल्यासारखा.

बाहेर आल्यावर अनंत म्हणाला, "तूच हो रे. त्या मिटिंगा माका जमाच्या नाय."

"आणि तू काय फोन उचलत बसतलंस?"

"नायतरी घरी बायकोचे उचलतंयच."

दोघे हसले. दशरथने घरी जाऊन प्रेमाला, बायकोला, ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमच्यात्सून एकाक खाली जावचा लागतला आणि तुम्ही हसताव?" दशरथ म्हणाला, "अन्या हा गो तो." तेवढं पुरेसं आहे असं त्याला वाटलं.

खालच्या वाडीची डिस्क दहा दिवसांपूर्वी गेली होती. तिला रांगेतून बाजूला काढून दुरुस्तीला घेतलं होतं, आणि ते काम अनंतकडे होतं. मधेच नवीन सर्टिफिकेट आलं. जुन्याची मुदत रविवारी पहाटे साडेपाचला संपत होती. बुधवारी दशरथने तीन वाड्यांना नवीन लावलं, तेजलने ते तपासलं. चौथीचं काय, असं विचारल्यावर अनंत म्हणाला, "मशीन माझ्याकडेच हा ना? परत लावच्या आधी मीच घालतंय. तू कशाक मधी?"

शुक्रवारी चार वाजता सगळे टेबलाभोवती उभे राहिले. तुळशीची लग्नं लागून गेली होती, रविवारी गर्दी उसळणार होती, खालची वाडी त्याआधी रांगेत परत हवीच होती. दशरथने हात पुसले आणि जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो जो काय नवीन कागद इलो हा, तो देऊळवाडयेक पोचलो?"

"व्हय म्हाराजा," तेजल म्हणाली. ती मुलुंडच्या गुजराती शेजारात वाढलेली, तिच्या तोंडून ते ऐकून सगळे दर वेळी हसायचे.

"गावठणाक पोचलो?"

"व्हय म्हाराजा."

"बंदरवाडयेक पोचलो?"

"व्हय म्हाराजा."

"खालच्या वाडयेक पोचलो?"

अनंत मोबाइलकडे बघत होता. त्याची मुलगी गंधाली हिचं ठरलेलं होतं, रविवारी व्याही यायचे होते, दोन दिवस त्याचा फोन सारखा वाजत होता. त्याने मान वर केली.

"व्हय म्हाराजा."

"कोणाची काय चूकभूल झाली असात तर ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले, आणि पांगले.

रविवारी दीडला जान्हवीचा फोन आला. दशरथ जेवून उठत होता. वेबसाइटवर लाल पाटी दिसतेय म्हणून सकाळपासून तक्रारी येत होत्या. त्याने उभ्या उभ्या मोबाइलवर उघडून बघितलं. सगळं ठीक. प्रेमाच्या मोबाइलवर बघितलं. ठीक.

"मॅडम, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."

"काहींना दिसतंय, काहींना नाही, दशरथजी."

दशरथने खरकटं ताट खाली ठेवलं. काहींना दिसतंय म्हणजे तीन दारं बरी आहेत. त्याने लॅपटॉप उघडला आणि लोड बॅलन्सरला वळसा घालून एकेका वाडीला तिच्या पत्त्यावर जाऊन विचारलं. देऊळवाडी, गावठण, बंदरवाडी. नवीन कागद. खालची वाडी. जुना, सकाळी मेलेला.

त्याने अनंतला फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. वीस मिनिटं बिझी. तेवढ्यात त्याने स्वतःच खालच्या वाडीला रांगेतून बाजूला घेतलं, नवीन सर्टिफिकेट घातलं, तपासलं, परत लावलं.

तोपर्यंत सव्वादोन झाले होते. पहाटेपासून येणाऱ्या दर चौथ्या माणसाला वेबसाइटने सांगितलं होतं की इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते. तक्रारींत बोरिवलीच्या एका बाईंची होती. त्यांनी मुलीच्या माहितीची लिंक मुलाकडच्यांना पाठवली. मुलाच्या आईला दिसली, वडिलांना दिसली. काकांना लाल पाटी दिसली. काका म्हणाले, ही माणसं फसवी दिसतात, आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी घुसवत होती. चारला बघायचा कार्यक्रम होता, तो दोनला मोडला. बाईंनी लिहिलं होतं, माझ्या फोनवर तर अजूनही सगळं व्यवस्थित दिसतंय, मग आमचं चुकलं काय?

दशरथने ते वाचलं. अनंतवर त्याला राग आला नाही. लगबगीत राहिलं असणार. घरात व्याही, फोनवर फोन. उद्या जाऊन सांगायचं, आमच्या दोघांकडून राहिलं. तो बोलला त्यावर मी विसंबलो, ही माझी चूक. दोन ओरडे खायचे, संपलं. अशा रीतीने त्याने मनातल्या मनात चुकीचे दोन समान भाग केले आणि एक आपल्याकडे ठेवला.

सोमवारी केबिनमध्ये चौघे होते. जान्हवीने विचारलं, खालची वाडी जुन्या सर्टिफिकेटसह रांगेत कशी आली?

दशरथ बोलायच्या आत अनंत बोलला. प्रमाण मराठीत, सावकाश. "मॅडम, सर्टिफिकेटचं काम पहिल्यापासून दशरथकडे आहे. माझ्याकडे फक्त डिस्क होती. मशीन दुरुस्त करून परत लावणं, एवढंच."

दशरथने त्याच्याकडे बघितलं. "अन्या, मीच घालतंय म्हणालंस ना तू? शुक्रवारी व्हय म्हणालंस."

अनंत हसला. जान्हवीकडे बघून. "ते होय! मॅडम, ते आमच्या गावाकडचं गाऱ्हाणं असतं. हा घालतो. गंमत. चार वाजता सगळे कंटाळलेले असतात, जरा ओरडतात, हसतात. आता त्याला कोणी चेकलिस्ट समजत असेल तर..." त्याने वाक्य तिथेच सोडलं.

"तेजल होती," दशरथ म्हणाला. "तेजल, तू ऐकलंस ना?"

तेजलने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "म्हणजे... ओरडलो तर आम्ही सगळेच सर."

"फॉर्म भरला होता का?" जान्हवीने विचारलं.

फॉर्म कोणीच भरला नव्हता.

"आणि काल तुम्ही मला आधी म्हणालात, की माझ्याकडे बरोबर दिसतंय."

"हो, म्हणालो. कारण मला वेगळ्या दारात..." तो समजावू लागला, आणि समजावता समजावता त्याला आपला आवाज ऐकू आला, खुलासा देणाऱ्या माणसाचा, आणि तो थांबला.

त्याला कोणी निष्काळजी म्हटलं असतं तर चाललं असतं. पण त्या मजल्यावर गाऱ्हाणं म्हणजे काय हे ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्यानेच ते चार वाजताच्या कंटाळ्यात टाकून दिलं होतं. वडील गेले त्या वर्षी दशरथ पहिल्यांदा देवळात उभा राहिला, त्याची जीभ अडखळत होती. तेव्हा खाडी ओलांडून मुद्दाम आलेला अनंत मागे उभा राहून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणत होता. तो आवाज आणि हा आवाज एकाच गळ्यातला होता. त्यात फरक सापडेना, हे वाईट होतं.

त्या दिवशी अनंत जेवायला दुसऱ्या टेबलावर बसला. बुधवारीही तिथेच बसला.

गुरुवारी दशरथने लोड बॅलन्सरची नोंदवही उघडली. माणूस लिहून ठेवो न ठेवो, यंत्र लिहीत असतं. खालची वाडी शुक्रवारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी रांगेत आली होती, अनंतच्या नावाने. म्हणजे चार वाजता अनंत व्हय म्हाराजा म्हणाला तेव्हा ती आठ मिनिटांपासून जुन्या कागदासह चालू होती, आणि ती त्यानेच लावली होती. दशरथने आणखी शोधलं. शनिवारी सकाळी अकराला अनंत घरून त्याच मशीनमध्ये शिरला होता. सर्टिफिकेटची फाइल त्याने उघडून बघितली होती, मुदत बघितली होती, आणि बाहेर पडला होता.

दशरथ ती ओळ वाचत बसला. शुक्रवारी विसरला असेल. शनिवारी आठवलं. घालायला पाच मिनिटं लागली असती. रविवारची पहाट अजून साडेअठरा तास लांब होती.

त्याने छापील प्रत काढली आणि जान्हवीच्या केबिनमध्ये गेला. तिने ती वाचली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

"हे मला माहीत आहे, दशरथजी."

"कधीपासून?"

"रविवारी. तुम्ही फोन ठेवल्याबरोबर मी अनंत सरांना केला होता. त्यांनी सगळं सांगितलं मला. अगदी रडले."

म्हणून बिझी.

"शनिवारचंही सांगितलं?"

"म्हणाले, बघितलं, पण घरी पाहुण्यांची गडबड होती, संध्याकाळी घालू म्हणून राहिलं. खरं की खोटं, मी त्यात गेले नाही." तिने कागद उलटा ठेवला. "हे बघा, मला क्लायंटला रविवारीच रिपोर्ट द्यायचा होता. कागदावर सर्टिफिकेटची जबाबदारी तुमच्या नावावर आहे. तुमचं नाव लिहिलं की दोन ओळींत संपतं. त्यांचं लिहिलं तर मला सांगावं लागतं की आमच्याकडे तपासणी तोंडी होते, गाऱ्हाणं घालून. कसं सांगू मी ते?"

"मग सोमवारची मीटिंग?"

"रेकॉर्डसाठी घ्यावी लागते."

दशरथ उठला. ती गालिच्यावरच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खूप समजूतदार आहात, म्हणून बोलले."

अनंत त्याला जिन्यात भेटला, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे, जिथे लोक सिगरेट ओढायला येतात. अनंत ओढत नाही. तो दशरथला टाळायला लिफ्टने जात नव्हता, आणि दशरथही त्याच कारणाने जात नव्हता.

"दशा."

दशरथ थांबला.

"माका ठाऊक हा तू काय म्हणतलंस. पण ऐक. गंधालीच्या सासऱ्याक काय सांगू मी? तिसऱ्या माळ्यार फोन उचलतंय म्हणान? साखरपुडो जानेवारीत हा रे."

"शनिवारी तू बघितलंस."

अनंतने कठड्यावरून खाली बघितलं. "बघितलंय."

"मग?"

"मग काय... एक क्षण असा वाटला, की ऱ्हवांदे. काय होता ता बघूया. तुझा नाव लागतला ह्या माका तेव्हा म्हायत होता की नाय, ता खरांच माका आता आठवत नाय."

"म्हायत होता."

अनंतने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"माका इचारलं असतंस," दशरथ म्हणाला, "तर मी खाली गेलंय असतंय. तुझ्यासाठी."

हे खरं होतं की नाही हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण बोलल्यावर ते खरं झालं, आणि त्यामुळे अधिकच वाईट. अनंतचे डोळे भरून आले. त्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे दशरथला ठरवता येईना. चौदा वर्षांत हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तो वर चालू लागला.

घरी प्रेमाने सगळं ऐकून घेतलं. मी सांगत होते, असं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "त्या तेजलीक तरी एकदा विचारलास, का गप बसली म्हणान?"

"तिका अजून तीस वर्षां नोकरी करूची हा."

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी कामं सोपवायची होती. जानेवारीपासून अनंत प्रमुख आणि दशरथ तिसऱ्या मजल्यावर, असं ठरलं होतं. सर्टिफिकेटं यापुढे आपोआप बदलली जातील अशी व्यवस्था बसवणार होते. तोवर सगळं त्याच्याकडे. दशरथने यादी केली. पासवर्ड, पत्ते, तारखा. अनंतने जे विचारलं होतं ते सगळं त्या यादीत आलं होतं.

अनंतने जे विचारलं नव्हतं असं एकच उरलं होतं. वेबसाइटच्या मोबाइल ॲपचा पत्ता वेगळा होता, जुन्या नावावरचा, आणि त्याचं सर्टिफिकेटही वेगळं. ते चार वाड्यांत नव्हतं, लोड बॅलन्सरवरच बसवलेलं होतं. दशरथने सहा वर्षांपूर्वी ते तिथे ठेवलं आणि दर वेळी स्वतःच्या डायरीतून बदललं. त्याच्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हतं. मुदत जानेवारीच्या एकोणीस तारखेची. त्या दिवशी ॲप वापरणाऱ्या सगळ्यांची सगळी दारं एकदम बंद पडली असती, आणि त्यावर नाव अनंतचं लागलं असतं.

काही करायची गरज नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं. शनिवारी सकाळी अकराला अनंत बसला होता तसंच.

तीन दिवस दशरथ ती तारीख घेऊन फिरला. बसमध्ये, जेवताना, आंघोळीच्या वेळी. एकोणीस. सुरुवातीला ती खिशात असल्याचं बरं वाटलं. मग तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की अनंतला जिन्यात त्या दिवशी कसं वाटत असेल हे आपल्याला आता आतून कळायला लागलंय, कठड्यावरून खाली बघावंसं वाटायला लागलंय. ते त्याला सहन झालं नाही. याला चांगुलपणा म्हणता येणार नाही.

शुक्रवारी दुपारी त्याने ते लिहिलं. कंपनीच्या कामकाजाच्या फॉर्मवर, ठरलेल्या रकान्यात. पत्ता, जागा, मुदत, बदलायची कृती, पायरी पायरीने. अनंतच्या नावे, जान्हवीला प्रत.

दहा मिनिटांत अनंत त्याच्या टेबलाशी आला. चेहरा पांढरा. त्याला कळलं होतं, त्याच्या हातात काय ठेवलंय ते.

"दशा, अरे... तोंडान सांगितलं असतंस तरी चाललां असता."

"तुमका तोंडान सांगितलेला चालत नाय," दशरथ म्हणाला.

अनंत उभाच राहिला. आजूबाजूला सगळे पडद्यांत बघत होते. तेजलने कानांत इअरफोन घातले, पण वाजत काही नव्हतं, तिची मान जरा जास्तच स्थिर होती.

"पोचल्याची नोंद करा," दशरथ म्हणाला. "फॉर्मवर. खाली बटण आहे."

"करतंय रे. इतकी काय घाई?"

"मी थांबतो."

अनंत आपल्या जागेवर गेला. दशरथने बाटली पिशवीत टाकली, खुर्ची आत सरकवली आणि उभा राहून पडद्याकडे बघत राहिला. चार वाजून सहा मिनिटं झाली. सात झाली. मग ओळ उमटली. अनंत वायंगणकर, वाचलं व स्वीकारलं. तारीख, वेळ. त्याने ती ओळ पुन्हा वाचली, त्याची छापील प्रत काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरला.